होसकोट्याचा कोरा धागा

बंगळूरहून परत आल्यावर भेटणारा प्रत्येक जण आधी हवेचं विचारतो. हवा खरंच चांगली आहे. ऑगस्ट महिन्यात पंखा लावावा लागला नाही, रस्त्यांवर मोठी झाडं आहेत, आणि संध्याकाळी बायका केसांत इतकी फुलं माळतात की बसमध्ये बसल्याबसल्या वास येतो. सोसायटीच्या वार्षिकासाठी माझ्याकडे "बंगळूरबद्दल काहीतरी छान" मागितलं आहे. ज्यांना एवढंच हवं असेल त्यांनी इथे थांबलं तरी चालेल. मी सहा आठवडे तिथे राहिले आणि एकाही बागेत गेले नाही.

मी गेले होते एका धाग्यासाठी.

आमची कंपनी पुण्यात कृत्रिम धाग्यांवर संशोधन करते. आमचे प्रमुख कर्णिक सर यांनी परदेशातून एक पांढरी भुकटी मागवली होती. तिच्यात चांदीचे फार बारीक कण असतात. प्लॅस्टिकचे दाणे वितळवताना ती त्यात मिसळायची आणि त्या रसाचा धागा ओढायचा. अशा धाग्यावर जंतू वाढत नाहीत. वरून औषध लावलेलं कापड दहा-बारा वेळा धुतलं की पुन्हा साधं होतं. इथे औषध धाग्याच्या पोटातच असल्यामुळे ते सहज धुऊन जात नाही. दवाखान्यातल्या चादरी आणि अभ्रे यांच्यासाठी हे करायचं होतं. धागा ओढायचं छोटं मशीन आमच्या होसकोट्याच्या कारखान्यात नुकतंच बसवलं होतं, म्हणून मला तिकडे पाठवलं. मी सहा महिन्यांच्या बोलीवर नोकरीत होते. चाचणी नीट झाली तर कायम, नाहीतर नमस्कार, असं सरांनी हसत हसत सांगितलं होतं. ते गंभीर गोष्टी हसतच सांगतात.

पेटेतलं घर

एकट्या मुलीला राहायला कुठे ठेवायचं, हा प्रश्न कारखान्याने परस्पर सोडवला. मशीनचे ऑपरेटर गणपतराव मराठी, मीही मराठी, म्हणून मी त्यांच्याकडे राहायचं. जुन्या पेटेत, म्हणजे आपल्या पेठेत, कापडाच्या दुकानांच्या मागच्या बोळात त्यांचं घर होतं. त्यांचे पूर्वज रंगारी. कितव्या पिढीत इकडे आले ते त्यांनाही माहीत नव्हतं. सगळे त्यांना अण्णा म्हणत आणि त्यांच्या बायकोला अक्का. मुलं नव्हती.

त्यांचं मराठी ऐकून पहिल्या दिवशी मी गोंधळले. शब्द ओळखीचे, चाल वेगळी, आणि मध्येच कानडी.

"ये गं, बस. कॉफी घेतीस? स्वल्पच करते," अक्का म्हणाल्या.

"नको, राहू द्या. उगीच त्रास तुम्हाला."

अक्का अण्णांकडे वळल्या. "बघा, पुण्याचं मराठी. नको म्हणाली तरी वाटतं रागावली."

अण्णा हसले. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. घरी मराठी बोलते, पण कुणी माझ्या बोलण्याकडे लक्ष दिलं की माझी वाक्यं आखडतात. मी कॉफी घेतली आणि गप्प बसले. पुढचे सहा आठवडे मी बहुतेक वेळ हेच केलं.

रात्री मी खोलीला आतून कडी लावायची. तिसऱ्या दिवशी अक्कांनी विचारलंच, "कडी कुणासाठी गं? आम्ही काय चोर?" पुण्यात आमच्या घरी प्रत्येकाला आपली खोली आहे आणि दार वाजवल्याशिवाय कुणी आत येत नाही. इथे शेजारीण थेट स्वयंपाकघरात येऊन आमटीची चव बघून जायची. त्या दिवसापासून मी कडी लावणं सोडलं, पण झोप लागायला वेळ लागू लागला.

जेवणाची एक गंमत सांगते. पहिल्या रविवारी पानात नाचणीचा उकडलेला गोळा आला, त्याला मुद्दे म्हणतात, आणि बरोबर तिखट पातळ सारू. मी घास तोंडात घेतला आणि चावू लागले. तो दातांना, टाळूला, सगळीकडे चिकटला. अण्णा हसून लोटपोट झाले. "चावतीस काय पोरी? मुद्दे गिळायचं! सारूत बुडवायचं आणि सोडून द्यायचं!" मला ते शेवटपर्यंत जमलं नाही. घास न चावता आत सोडायला जो विश्वास लागतो तो माझ्याकडे नाही.

अण्णांनी मला 'सायन्स मॅडम' असं नाव ठेवलं होतं. त्यांची आधीची गिरणी बंद पडली होती. त्यानंतर मिळेल तिथे बदलीवर काम करून ते या कारखान्यात आले होते, अजून तात्पुरतेच. नव्या मशीनवर कायमचा ऑपरेटर कोण ठेवायचा हे याच चाचणीनंतर ठरणार होतं. अक्का हे मला रोज ऐकवत. "तुझा धागा पास झाला की आमचे हे पर्मनंट. नीट कर गं बाई."

होसकोटे

होसकोटे शहराच्या पूर्वेला आहे. कारखान्याची व्हॅन सकाळी लवकर निघायची. द्राक्षांचे मळे, विटांच्या भट्ट्या, मग पत्र्यांच्या शेडची रांग. आमचं मशीन एका शेडच्या कोपऱ्यात होतं, दोन माणसांच्या उंचीचं. वरून दाणे टाकायचे. ते तापलेल्या नळीत वितळून खाली येतात आणि बारीक भोकांच्या चकतीतून केसासारखे बाहेर पडतात. ते थंड करून रिळावर गुंडाळायचे. अण्णा धाग्यांची ती झालर बोटाच्या पाठीने हलकेच स्पर्श करून तपासत आणि सांगत, "आता बरोबर," किंवा "अजून ताप पाहिजे." मी मीटर बघायची. बहुतेक वेळा मीटर नंतर त्यांच्याशी सहमत व्हायचा.

आता पुढचं कळायला एक गोष्ट समजून घ्यावी लागेल. दोन धागे ओढायचे होते. एक चांदीची भुकटी घातलेला, तो भरलेला. दुसरा अगदी तसाच, फक्त भुकटी नसलेला, तो कोरा. दोन्ही शहरातल्या प्रयोगशाळेत द्यायचे. कोऱ्यावर जंतू वाढले आणि भरलेल्यावर मेले, तर ते चांदीमुळे मेले असं म्हणता येतं. कोरा नसेल तर काहीच सिद्ध होत नाही. आणि कोरा आधी ओढायचा, कारण भरलेला आधी ओढला तर नळीत आणि चकतीत चांदीचे कण चिकटून राहतात आणि मागून येणाऱ्या कोऱ्यात उतरतात. माझ्या कागदावर पहिल्याच ओळीत इंग्रजीत लिहिलं होतं: आधी कोरा.

चाचणीच्या दिवशी मी शेडमध्ये गेले तर मशीनला हळद-कुंकू लावलेलं, शेवंतीची माळ घातलेली, समोर उदबत्ती. अण्णांनी धुतलेला पांढरा शर्ट घातला होता. मी त्यांना क्रम सांगितला.

त्यांचा चेहरा उतरला. "कोरा पहिला? नव्या मशीनवर?"

"हो अण्णा. तसंच करावं लागतं."

"आमच्यात नाही चालत, पोरी. रंगाचं नवं भांडं चढवलं की पहिलं कापड रंगीत निघायला पाहिजे, देवाचं. पांढरं कोरं पहिलं काढलं तर..." त्यांनी पुढचं म्हटलं नाही. पहिलं पांढरं कापड कुणासाठी फाडतात हे मला कळलं. "आणि आज तुझा दिवस आहे. तुझा धागा पहिला निघू दे. कोरा काय, नंतर काढू, पळून जातो काय?"

शेडमधले चार-पाच जण थांबून माझ्याकडे बघत होते. एकाने नारळ हातात धरला होता. मी म्हणायला हवं होतं, "नाही." पुढे समजावायला हवं होतं. मराठीत 'कंटॅमिनेशन' कसं सांगायचं याचा मी विचार करत राहिले. तेवढ्यात अण्णा म्हणाले, "सरी?" म्हणजे 'ठीक ना?', आणि मी मान हलवली.

नारळ फुटला. भरलेला धागा पहिला निघाला, आणि खरंच सुंदर निघाला. जेवणानंतर अण्णांनी साधे दाणे टाकले आणि कोरा ओढला. मधे नळी साफ करायला म्हणून थोडे साधे दाणे वितळवून वाहू दिले, पण फार नाही. माल वाया घालवणं त्यांच्या जिवावर यायचं. मी तेही बघितलं. स्वतःशी म्हटलं, एवढ्याने काय होतंय.

प्रयोगशाळा

प्रयोगशाळा एका जुन्या बंगल्याच्या मागच्या बाजूला होती. तिथल्या बाई माझ्याशी हिंदीत आणि इंग्रजीत बोलायच्या, मोजकं आणि सरळ. बुधवारी त्यांनी माझ्यासमोर काचेच्या चपट्या बश्या ठेवल्या. बशीत जंतूंचं अन्न थापलेलं असतं आणि वर त्या धाग्याच्या विणलेल्या कापडाचा तुकडा. जंतू वाढले की दुधावरच्या सायीसारखा थर दिसतो. भरलेल्या तुकड्याखाली आणि भोवती थर नव्हता, बशी नितळ होती. मला आनंद झाला. मग त्यांनी दुसरी बशी पुढे सरकवली. तीही जवळजवळ नितळ होती.

"तुमचा कोरा खरंच कोरा आहे का?" त्यांनी विचारलं.

"बघते."

"बघायला वेळ आहे. मशीन उघडून साफ करा, नवा कोरा ओढा, शुक्रवारपर्यंत आणून द्या. तुमच्या मंगळवारच्या मीटिंगआधी रिपोर्ट देते. हे होतं. घाबरण्यासारखं काही नाही."

मंगळवारी कोरमंगल्यात कर्णिक सर येणार होते, आणि एका दवाखान्याचे दोन पाहुणे. धागा घ्यायचा की नाही हे ते ठरवणार होते. म्हणजे माझ्याकडे बुधवारची संध्याकाळ होती आणि गुरुवार. एकच वाक्य बोलायचं होतं: अण्णा, क्रम उलटा झाला म्हणून बिघडलं, मशीन साफ करून कोरा परत काढू या.

बुधवारी घरी गेले तर अण्णा शेजारच्यांना सांगत होते, "पहिला धागा असा निघाला, रेशीम! पूजा केलेली वाया जात नाही." मी आत गेले. जेवताना ठरवलं, आता बोलू. अक्कांनी भाकरीवर लोणी घातलं. "घे, वाळलीस. तिकडं आई म्हणेल आम्ही उपाशी ठेवलं." मी भाकरी संपवली.

गुरुवारी कारखान्यात मी एकदा प्रयत्न केला.

"अण्णा, मशीन एकदा पूर्ण उघडून साफ करायचं का? आणि कोरा परत ओढायचा?"

"का गं? काही चुकलं?"

ते हातातलं फडकं तसंच धरून माझ्याकडे बघत होते. त्यांना भीती वाटली होती, ती मला दिसली.

"नाही, सहज," मी म्हटलं.

"सहज मशीन उघडत नाहीत, सायन्स मॅडम. एक दिवस जातो." आणि ते हसले. सुटल्यासारखे हसले.

शुक्रवार आला आणि गेला.

कोरमंगला

कोरमंगला अजून अर्धं रिकामं आहे. मोठे प्लॉट, नवे बंगले, काही बंगल्यांवर संगणक कंपन्यांच्या चकचकीत पाट्या, आणि मधेच गाई. आमची मीटिंग अशाच एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर होती. कुणी मशीनबद्दल विचारलं तर असावेत म्हणून अण्णांनाही बोलावलं होतं. ते धाग्याची दोन रिळं नव्या रुमालात बांधून घेऊन आले आणि दाराजवळच्या खुर्चीच्या टोकावर बसले.

सगळं इंग्रजीत चाललं. इंग्रजीत मी आखडत नाही. शाळेत आम्हाला मराठी बोललं की दंड असायचा, त्याचा हा फायदा. मी धागा समजावून सांगितला, प्रयोगशाळेच्या रिपोर्टमधले दोन्ही बश्यांचे फोटो दाखवले. पाहुण्यांपैकी एकाने दुसऱ्या फोटोवर बोट ठेवलं आणि विचारलं, साध्या धाग्यावरही जंतू मरत असतील तर आम्ही तुमच्या चांदीचे पैसे का द्यावेत?

कर्णिक सर माझ्याकडे वळले. कमरेचा पेजर वाजत होता, तो त्यांनी न बघता बंद केला. हसत हसत म्हणाले, हे कसं झालं ते मेघना सांगेल.

मी म्हणू शकत होते की मी परवानगी दिली. मी म्हणू शकत होते की बुधवारपासून मला माहीत आहे. मी म्हणाले, "लेखी पद्धतीप्रमाणे कोरा धागा आधी ओढायचा होता. ऑपरेटरने चांदीचा आधी ओढला." यातला एकही शब्द खोटा नव्हता.

"कुठला ऑपरेटर?" सरांनी विचारलं.

"मिस्टर गणपतराव."

आपलं नाव ऐकून अण्णा उठून उभे राहिले. त्यांना वाटलं मी त्यांची ओळख करून देतेय. त्यांनी हात जोडून सगळ्यांना नमस्कार केला आणि रुमाल सोडून रिळं टेबलावर ठेवली. पाहुण्यांनी अवघडून माना हलवल्या. सरांनी वहीत काहीतरी लिहिलं. अण्णा परत जाऊन बसले आणि माझ्याकडे बघून हसले.

परतताना रिक्षात ते सारखं तेच बोलत होते. "माझं नाव घेतलंस गं, एवढ्या मोठ्या लोकांत! मिस्टर म्हणालीस!" वाटेत रिक्षा थांबवून त्यांनी मैसूरपाक घेतला. घरी अक्कांनी तो देवापुढे ठेवला आणि पहिला तुकडा मला दिला.

निघण्याआधी

शनिवारी कारखान्यातून अण्णा लवकर आले. फोरमनने त्यांच्या हातात पाकीट दिलं होतं आणि घरी जाऊन वाचा म्हणाला होता. अण्णा कानडी वाचतात, इंग्रजी नाही.

"पर्मनंटचं असेल," अक्का म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाकडं कशाला जायचं? घरात वाचणारी आहे, अल्वा? आहे की नाही?"

ते दोघं माझ्यासमोर जमिनीवर बसले. पत्र जेमतेम चार ओळींचं होतं. लेखी सूचना डावलून चाचणीचं नुकसान केल्यामुळे गणपतराव यांना सोमवारपासून कामावर घेतलं जाणार नाही. खाली सही.

मी ते दोनदा वाचलं. वेळ काढत होते.

"काय म्हणतात?"

"मशीन... मशीन काही महिने बंद ठेवणार आहेत, अण्णा. म्हणून सध्या काम नाही. सोमवारपासून येऊ नका म्हणतात."

अक्कांनी पदर तोंडाला लावला. अण्णांनी पत्राकडे बोट दाखवलं. "एवढंच? एवढ्या ओळी आहेत की."

"तुमच्याबद्दल लिहिलंय. काम चांगलं करता असं."

त्यांचा चेहरा थोडा उजळला. "मग बरं. मशीन बंद तर माणूस काय करणार? चांगलं लिहून दिलं हे पुष्कळ." त्यांनी पत्र घडी करून परत पाकिटात घातलं आणि खिशात, छातीशी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी निघाले. अक्कांनी लिंबूभाताचा डबा बांधून दिला, स्टेशनवर केसांत अबोलीचा गजरा घातला. मी गाडी सुटेपर्यंत तो काढला नाही.

पुण्यात आल्यावर तीन आठवड्यांनी होसकोट्याहून निरोप आला. मशीन उघडून साफ केलं, दुसऱ्या माणसाने कोरा ओढला, प्रयोगशाळेत त्याच्यावर जंतूंची दाट साय धरली आणि चांदीच्या धाग्यावर एकही नाही. दवाखान्याने धागा घेतला. सर हसत म्हणाले, चूक कुठे झाली ते तू नेमकं सांगितलंस म्हणून वाचलो. मला कायम केलं.

हे सगळं मी इथे लिहू शकते, कारण अण्णांना मराठी बोलता येतं, वाचता येत नाही.

गेल्या आठवड्यात ऑफिसात फोन आला. अक्का होत्या, एसटीडी बूथवरून, ओरडून बोलत होत्या.

"मेघू! कशी आहेस? जेवतीस ना? ऐक, तुला एक विचारायचं. ह्यांनी ते पत्र प्लॅस्टिकमध्ये घालून घेतलं. होसकोट्यातल्या प्रत्येक फॅक्टरीत जातात, गेटवर दाखवतात. साहेब लोक वाचतात, परत देतात, सांगतात कळवू. कोण कळवत नाही. दोन महिने झाले. मी म्हटलं, पत्र बरं आहे ना एकदा मेघूला विचारावं. हे म्हणतात विचारायचं काय, मेघूनंच वाचलंय. तरी मी विचारते. पत्रात बरं लिहिलंय ना गं?"

माझ्या समोरच्या टेबलावर दोघे जण काम करत होते. त्यातला एक मान वर करून बघत होता.

"बोल की, मीटर पळतंय."

"बरं लिहिलंय, अक्का," मी म्हटलं.

"सरी," त्या म्हणाल्या. "मग उद्या मालूरच्या फॅक्टऱ्यांत पाठवते त्यांना."